मास्तर, पिकअप आणि चबुतरा

माझे घरमालक आता नाहीत, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे. ती मला पुरती पाळता येणार नाही. ज्या गृहस्थाने भाडेकरूच्या झोपायच्या खोलीत, तिला न विचारता, छताच्या कडीला इंजिनाचा क्रँकशाफ्ट टांगला, त्याच्याबद्दल नुसतं चांगलं बोलणं म्हणजे खोटं बोलणं. आणि खोट्या गौरवाची त्यांना जेवढी चीड होती तेवढी मी कोणातच पाहिली नाही.

मी तेव्हा पुलगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि शेजारच्या नाचणगावात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होते. एका दुपारी परत आले, कुलूप काढलं, तर पलंगाच्या वर जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी लटकत होतं. साडीतून काळं तेल माझ्या चादरीवर ठिबकत होतं. मी किंचाळले. मास्तर, म्हणजे हेच घरमालक, अंगणातून शांतपणे आले.

"मॅडम, घाबरू नका. क्रँक हाये."

"माझ्या खोलीत कशाला?"

"आडवा ठेवला का वाकते थो. उभाच टांगा लागते. आमच्या घरात एकच कडी, तिले काकूचा झोपाळा. काकू काढू देत नाई."

"आणि माझ्या डोक्यात पडला तर?"

"पडत नाई. मी सोता बांधला."

नेमकी हीच माझी काळजी होती. पण त्यांच्या मते प्रश्न मिटला होता. कोणत्याही तक्रारीचं कारण समजावून सांगितलं की तक्रार संपते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आयुष्यभर भूगोल शिकवल्याचा हा परिणाम असावा. नदी इकडून का वाहते हे सांगितलं की नदीची तक्रार उरत नाही.

त्या घरात मी त्यानंतर बरंच काही सोसलं. माझ्या न्हाणीघरात गिअरबॉक्स धुतला गेला. माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर, माझ्या परातीत, पिस्टनच्या रिंगा रॉकेलमध्ये भिजत पडल्या. काकूंकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे, तक्रार नेली तर त्या झोपाळ्यावरून पाय न थांबवता म्हणाल्या, "माय, तुमची त परात गेली. माझं त लग्न झालं यायच्यासंगं."

हे सगळं चाललं होतं एका जुन्या पिकअपसाठी.

ती पिकअप मुळात मास्तरांच्या शाळेची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेची. देवळी रस्त्यावर संस्थेचं मोठं आवार आहे. कधीकाळी बाकं, वह्या, दलिया वाहायला तिने ही गाडी घेतली, आणि गाडी चालवायला वेगळा माणूस ठेवायचा नव्हता म्हणून भूगोलाच्या मास्तरांच्या हाती दिली. शाळेला नवी बस आली तशी संस्था हिला विसरली. मास्तर निवृत्त होताना ती चालवत घरी आले. कोणी विचारलं नाही. कागद संस्थेच्याच नावावर राहिले.

तेव्हापासून ती गाडी दोन कामं करायची. आसपासच्या गावांतून, विशेषतः नाल्यापलीकडच्या गोंड वस्तीवरून, अडलेली बाई, साप चावलेला गडी, तापाने फणफणलेलं लेकरू सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं. हे पहिलं. सरकारी ॲम्ब्युलन्स फोन केला की येते, त्याबद्दल वाद नाही. ती रस्ता संपेपर्यंत येते. रस्ता कुठे संपतो हाच आमच्याकडचा प्रश्न आहे. आणि दुसरं काम, नेलेल्यांपैकी जो वाचला नाही त्याला परत घरी आणायचं.

जाताना मास्तर हॉर्नवरचा हात काढत नसत. कोंबड्या, बैलबंड्या, शाळेची पोरं, सगळे बाजूला उड्या मारायचे. येताना, मागे प्रेत असलं, की एकदम उलटं. हॉर्न बंद, आणि रस्त्यातलं प्रत्येक गाव माणसाच्या चालीने ओलांडायचं. "त्याले आता घाई नाई," ते म्हणत, "मंग आपल्याले काऊन असावी?" वर्षानुवर्षं हे पाहून रस्त्यावरच्या लोकांना सवय लागली होती. पिकअप सावकाश, बिनहॉर्नची येताना दिसली की हॉटेलातली माणसं चहा खाली ठेवून उभी राहत, टोप्या काढत. बायका डोक्यावर पदर घेऊन घागरभर पाणी रस्त्यावर ओतत. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. म्हणूनच ते टिकलं होतं.

तर या गाडीच्या इंजिनाचा दम गेला होता. धूर सोडायची, तेल प्यायची, आणि एकदा साप चावलेल्या गड्याला नेताना चढावर मध्येच बसली. रस्त्यातल्या एका ट्रकवाल्याने त्या गड्याला पुढे पोचवलं म्हणून तो वाचला. मास्तर घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इंजिन खाली उतरवलं. अर्धमुर्धं काम नाही. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, चाकापर्यंत जाणारा दांडा, मागच्या दोन चाकांच्या मधला तो भोपळ्यासारखा डिफरन्शियल, सगळं खोलायचं आणि नव्याने बांधायचं.

हे काम त्यांना येत होतं का? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हयातीत कोणी मोठ्याने दिलं नाही. त्यांनी सुरुवातीला पुलगावहून एक मिस्त्री आणला होता. मिस्त्री हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे दर पाच मिनिटांनी सांगायचा. त्याचं आणि मास्तरांचं भांडण दिशांवरून झालं. मिस्त्री लोक गाडीच्या दोन बाजूंना ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड म्हणतात. मास्तरांना हे अशास्त्रीय वाटे. ते प्रत्येक भागावर खडूने दिशा लिहीत. उत्तरेच्या बोल्टांचा डबा वेगळा, दक्षिणेच्या बोल्टांचा वेगळा. अंगणात जुन्या सतरंजीवर सगळे भाग नकाशासारखे मांडलेले.

"सर, ड्रायव्हर साइड म्हना नं," मिस्त्री वैतागून म्हणाला. "हे पूर्व-पश्चिम काय लावून राह्यले?"

"ड्रायव्हर उतरून गेला का तुही साइड कुठं राह्यते?"

"साइड तिथंच राह्यते न सर!"

"नाई. ड्रायव्हर माणूस हाये, आज हाये उद्या नाई. पूर्व कुठं जाते?"

मिस्त्री पाने गोळा करून गेला तो परत आला नाही. जाता जाता मला फाटकात म्हणाला, "मॅडम, या घरात राहू नका." मास्तरांना त्याच्या जाण्याचा आनंद झाला. आता काम शास्त्रशुद्ध होणार होतं.

त्यांचं हत्यारांचं कपाट मला फार आवडायचं, आणि रागही यायचा की हे आपल्याला का सुचलं नाही. त्यांना आयुष्यात बरेच सत्कार झाले होते. आमच्याकडे निवृत्त मास्तर सापडला की त्याचा सत्कार होतोच. सभागृह घेतलेलं असतं, कोणाचा तरी करावाच लागतो. त्या सत्कारांत मिळालेल्या शाली फाडून त्यांनी इंजिन पुसायची फडकी केली होती. "सत्काराची शाल," ते मला सांगत, "तेल पीत नाई, नुसतं पसरवते." स्मृतिचिन्हांपैकी जी जड होती ती गाडी घरंगळू नये म्हणून चाकांखाली लावलेली. त्यांतल्या एकावर सोनेरी अक्षरांत 'ज्ञानसूर्य' लिहिलेलं होतं आणि त्यावर बरोबर डाव्या टायरचा ठसा उमटला होता. मास्तर त्याला पश्चिमेचा टायर म्हणत.

इथवर सगळं घरगुती होतं. मग संस्थेचे अध्यक्ष आले.

अध्यक्ष म्हणजे दिवंगत संस्थापकांचे चिरंजीव आणि मास्तरांचे विद्यार्थी. पांढरे शुभ्र कपडे, आणि मागे मोबाइल धरून चित्रीकरण करणारा एक माणूस कायम. संस्थेचा महोत्सव जवळ आला होता. त्यात संस्थापकांचा पूर्णाकृती पुतळा बसवायचा होता, आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं की पुतळा नुसता उभा करण्यापेक्षा 'संस्थापकांची ऐतिहासिक गाडी' आवाराच्या फाटकाशी चबुतऱ्यावर चढवावी आणि पुतळा तिच्या शेजारी उभा करावा. एक हात गाडीवर, एक हात उज्ज्वल भविष्याकडे.

"सर, गाडी संस्थेचा वारसा आहे," अध्यक्ष म्हणाले. घरात आले की ते भाषणाच्या भाषेतच बोलत. "ती जतन झाली पाहिजे."

"जतनच करून राह्यलो," मास्तर म्हणाले. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. "रिंगा नव्या टाकल्या."

"इंजिनाची गरज नाही सर. उलट इंजिन काढून ठेवा, वजन कमी होईल. चबुतऱ्याचा इंजिनिअर तसंच म्हणाला."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात नकाशावर वर्धा नदी भलतीकडे काढणाऱ्या पोराकडे पाहावं तसं.

"अन् वस्तीवरच्या बाया कायच्यात जातीन?"

"सर, त्याकरता शासन आहे."

मला आजही ते वाक्य आठवलं की डोकं फिरतं. त्याकरता शासन आहे! जणू काही शासन नावाचा कोणी गडी नाल्याच्या काठावर खाट घेऊन उभाच आहे. मी मधे पडले. म्हटलं, संस्थापक तर या गाडीत कधी बसलेसुद्धा नव्हते. अध्यक्ष हसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी चबुतऱ्यावरच्या फलकाचा मजकूर माझ्याकडे पाठवला. मी इतिहासाची म्हणून. त्यात लिहिलं होतं की संस्थापक स्वतः ही गाडी चालवत खेडोपाडी ज्ञानाचा दिवा नेत असत. मी फोन केला.

"संस्थापकांना गाडी चालवता येत नव्हती."

"मॅडम," पलीकडून अध्यक्ष अत्यंत नम्रपणे म्हणाले, "तुम्ही फक्त शुद्धलेखन पाहा."

मी संतापून मास्तरांकडे गेले. कोर्टात जाऊ, पेपरात लिहू, असं काहीबाही बोलले. गाडीखालून त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"कागद त्यायच्या नावावर हायेत. कोर्ट काय करते?"

"मग देऊन टाकणार?"

"म्या त्यायले सांगतलं, क्रेन आनू नका. गाडी मी चालवत आनतो. साऱ्या लोकायसमोर." पाय क्षणभर हलायचे थांबले. "घड्याळासारखी चालती गाडी पाह्यल्यावर कोनाची हिंमत होते तिले चबुतऱ्यावर चढवाची? लोक थुकतीन."

त्यांची सगळी आशा यावर होती. ऐकून मला वाईटही वाटलं आणि रागही आला. पोरं शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा लोकांवर इतका विश्वास शिल्लक कसा राहतो? मी माझी परात त्यांना आणखी काही दिवस वापरू दिली.

इंजिन बांधून झालं. क्रँक माझ्या खोलीतून वाजतगाजत गेला. वाजतगाजत म्हणजे काकूंनी जाता जाता त्याला हळद-कुंकू लावलं आणि मास्तरांनी ते ताबडतोब शालीने पुसून टाकलं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्या इंजिनाचा आवाज इतका गोड होता की मी, जिला गाड्यांतलं काहीही कळत नाही, पुस्तक बाजूला ठेवून अंगणात आले. मास्तर सीटवर डोळे मिटून बसले होते. राहिला होता फक्त मागचा डिफरन्शियल. खोलताना त्यांनी त्यातल्या मोठ्या दातेरी चक्रावर खडूने 'पूर्व' लिहून ठेवलं होतं.

मधेच संस्थेचा पेंटर आला. गाडीच्या बाजूंवर त्याला संस्थेचं बोधचिन्ह काढायचं होतं, आणि त्याला उजेड हवा होता. पाच-सहा जणांनी मिळून गाडी ढकलत अंगणातच पुरी फिरवली. तोंड रस्त्याकडे होतं ते विहिरीकडे झालं. पेंटर रंगवून गेला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी डिफरन्शियल बसवला. चक्र पूर्वेला होतं, पूर्वेलाच बसवलं. गाडी फिरली होती. पूर्व, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, कुठेही गेली नव्हती.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी पहिल्यांदा चाकांवर चालवली. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि पिकअप सरळ मागे जाऊन काकूंच्या धुण्याच्या दगडावर आदळली. दुसरा टाकला, तरी मागे. तिसरा, मागेच. मास्तर खाली उतरले, गाडीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, आणि दगडावर बसले. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. ते चक्र भलत्या बाजूला बसलं की सगळी चाल उलटी होते, हे त्यांनीच मला सांगितलं. सावरायला दिवसभराचं काम होतं, आणि संस्थेची माणसं फाटकात आली होती.

"मिस्त्र्याले समजलं नाई पाह्यजे," ते हलक्या आवाजात म्हणाले. त्या क्षणी त्यांना ही काळजी होती.

मग त्यांनी मान वर केली. "मॅडम, सारे गिअर मागं जातेत. म्हंजे रिव्हर्स पुढं जात असन."

रिव्हर्स पुढे जात होता. जोरात नाही, माणसाच्या चालीने. पण जात होता.

संस्थेने आणलं होतं ते सामान पाहून मला पहिल्यांदा कुशंका आली. संस्थापकांचा पुतळा. उभा ठेवला तर हिसक्याने पडेल म्हणून तो मागे हौद्यात आडवा निजवला, आणि अनावरण व्हायचं होतं म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळून दोरीने बांधला. वर झेंडूच्या माळा टाकल्या. दोन्ही कडांना पांढऱ्या कपड्यांतले अध्यक्ष आणि संचालक मंडळ बसलं. बँड आवाराच्या फाटकाशी उभा होता. वाटेत शांतता ठेवायची होती, चित्रीकरणावर नंतर भाषण टाकायचं होतं म्हणून. मागून संचालकांच्या मोटारींची रांग. मास्तरांनी मला पुढे शेजारी बसवून घेतलं.

"गिअरच्या दांड्यावर पदर टाका," ते म्हणाले. "कोनाले दिसू नये."

आम्ही निघालो. पिकअप सावकाश, बिनहॉर्नची. हॉर्नची तार इंजिन काढताना तोडलेली होती, ती जोडायची राहून गेली होती.

पहिल्या हॉटेलाशी बाकावरची माणसं उभी राहिली. टोप्या उतरल्या. एक सायकलवाला खाली उतरला आणि हात जोडून थांबला. लोकांना काय वाटलंय ते मला समजलं. मी मास्तरांकडे पाहिलं. ते सरळ समोर पाहत होते, पण त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. मागच्या काचेतून अध्यक्ष दिसत होते. ते दोन्ही बाजूंना नमस्कार करत होते, गंभीरपणे, मान किंचित झुकवून. इतक्या मनापासून आपलं स्वागत होईल अशी त्यांची अपेक्षा नसावी. मोबाइलवाला चित्रीकरण करत होता. एका बाईने दारातून घागर आणून रस्त्यावर पाणी ओतलं, तर अध्यक्षांचे डोळे भरून आले.

पुढच्या गावात काचेवर टकटक झाली. संचालकांपैकी कोणीतरी वाकून ओरडलं, "सर, जरा जोरात घ्या न! पाहुणे वाट पाहून राह्यले!"

"इंजिन नवं हाये," मास्तर मागे न पाहता म्हणाले. "आंग मोडेपर्यंत हळूच चालवा लागते."

तिसऱ्या गावाशी, वडाच्या झाडापाशी, एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. हातात लोटा. मास्तर आयुष्यात कधी प्रेतगाडी घेऊन म्हाताऱ्या माणसाला ओलांडून गेले नव्हते. त्यांनी गाडी थांबवली. इंजिनही बंद केलं, ती त्यांची पद्धत होती. इतकी शांतता झाली की झाडावरचे पोपट ऐकू यायला लागले. म्हातारीने चाकापुढे पाणी सोडलं, पदर सावरत खिडकीशी आली.

"कोन गेलं जी, मास्तर?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं, हे मला मान्य करावं लागेल.

"संस्थापक," ते म्हणाले.

"अवं माय!" म्हातारीचा हात तोंडाशी गेला. "थे त कवाचेच गेलते नं?"

"हो. पुन्हा नेऊन राह्यलो."

"काऊन जी?"

"यायले इचारा," मास्तर म्हणाले आणि अंगठ्याने मागे दाखवलं.

म्हातारी मागे गेली. तिने पांढरं कापड पाहिलं, माळा पाहिल्या, आणि अध्यक्षांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "रडू नको बापा. बाप कोनाचाई जन्माले पुरत नाई." आणि लोट्यात उरलेलं पाणी तिने पुतळ्याच्या पायांवर ओतलं.

अध्यक्षांना सगळं एकदम कळलं. ते ज्या घाईने हौद्यातून खाली उतरले त्या घाईने मी कोणत्याही संस्थेच्या अध्यक्षाला काही करताना पाहिलेलं नाही. एक चप्पल हौद्यातच राहिली. पाठोपाठ अख्खं संचालक मंडळ उतरलं आणि मोटारींकडे धावलं. तोवर मोबाइलवाल्याचं चित्रीकरण, जे तो बरोबरीने थेटही सोडत होता, गावोगावी पोचलं होतं. अध्यक्षांच्या फोनवर लोकांची श्रद्धांजली यायला लागली होती. कोणाला नेमकं काय झालं हे कोणालाच माहीत नव्हतं, पण आमच्याकडे श्रद्धांजलीसाठी तेवढी माहिती लागत नाही.

आम्ही एकटेच आवारात पोचलो, मास्तर, मी आणि कापडातले संस्थापक. फाटकातल्या बँडने आम्हाला पाहून वाजवायला सुरुवात केली आणि लगेच थांबवलं.

गाडी चबुतऱ्यावर चढली नाही. अध्यक्षांच्या मातोश्रींनी घरातून निरोप धाडला की मढ्याची गाडी आमच्या दारात उभी राहणार नाही. पुढे तिच्याबद्दल कोणी बोललंच नाही. कागदसुद्धा गुपचूप मास्तरांच्या नावावर करून दिले गेले, अंगावरची ब्याद झटकावी तसे. चबुतऱ्यावर आता पुतळा एकटा उभा आहे. गाडीवर ठेवायचा हात तसाच हवेत आहे. लोक म्हणतात, रिक्षा थांबवून राह्यले.

मास्तर जिंकले म्हणून काकूंनी शिरा केला. मी खाल्ला नाही, मला संताप आला होता. मी म्हटलं, ही गाडी बाया-लेकरांचा जीव वाचवते हे आपण घसा सुकेपर्यंत सांगितलं, ते कोणाच्या कानी शिरलं नाही. इंजिन घड्याळासारखं चाललं, ते कोणी ऐकलं नाही. अपशकुन म्हटल्याबरोबर मात्र सगळे सरळ! जिवंत माणसाची किंमत नाही आणि मढ्याची भीती!

मास्तर शिरा खात होते. "मॅडम," ते म्हणाले, "मी बी तेच म्हनून राह्यलो. माही चालती गाडी कोनी पाह्यलीच नाई." आणि मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस माझ्याहून जास्त चिडलेला आहे. त्यांना गाडी मिळाली होती, पण ज्या रीतीने मिळाली तो त्यांना त्या इंजिनाचा अपमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डिफरन्शियल खोलून चक्र उलट बाजूला बसवलं. खडूने काय लिहिलं ते मी पाहिलं. 'विहिरीकडची बाजू'. ड्रायव्हर साइड हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत वापरला नाही.

त्यानंतर लवकरच एका सकाळी वस्तीवरून बोलावणं आलं. बाई अडली होती. काकूंचे गुडघे दुखत होते, म्हणून मागे तिच्याजवळ मी बसले, कॉलेजला न कळवता. सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बाईच्या अंगावर पांढरं पांघरूण होतं, आणि हौद्याच्या फटींत झेंडूची वाळलेली फुलं अजून अडकलेली. मास्तरांना घाई होती. पण त्या वडाजवळच्या गावात रस्ता खोदलेला होता, आणि हॉर्नची तार, अर्थातच, अजून जोडलेली नव्हती. पिकअपला माणसाच्या चालीने जावं लागलं.

हॉटेलाशी माणसं उभी राहिली. टोप्या निघाल्या. तीच म्हातारी लोटा घेऊन पायरी उतरू लागली.

मास्तरांनी खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"बसा! बसा म्हन्तो नं खाली! जित्ती हाये!"

कोणी हललं नाही. टोप्या हातातच राहिल्या. तेवढ्यात माझा हात पकडून त्या बाईने अशी आरोळी ठोकली की वडावरचे सगळे पोपट उडाले, आणि हॉटेलातली माणसं घाईघाईने खाली बसली. म्हातारीने लोटा तिथेच टेकवला आणि दोन्ही हात हलवत खड्ड्यांतून आमच्यापुढे धावायला लागली, रस्ता मोकळा करत.